छोट्या नेटबुकचा दुसरा डाव

ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या आसुस कंपनीनं 'ई पीसी ७०१' नावाचा एक इवलासा लॅपटॉप बाजारात आणला. सात इंची पडदा, एक किलोच्या आत वजन, ५१२ एमबी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी जेमतेम ४ जीबीची फ्लॅश मेमरी. प्रोसेसर इंटेलचा सेलेरॉन, मूळ वेग ९०० मेगाहर्ट्‌झ, पण या यंत्रात तो ६३० मेगाहर्ट्‌झवरच चालवला जाई. त्याच वर्षी आलेलं विंडोज व्हिस्टा एवढ्याशा जागेत मावणंसुद्धा अवघड होतं. आसुसनं त्यावर झँड्रॉस नावाचं लिनक्स बसवलं आणि पडद्यावर मोठमोठी बटणं मांडून दिली: इंटरनेट, काम, शिक्षण, खेळ. संगणकाशी फारशी ओळख नसलेला माणूसही ते पाहून कामाला लागू शकत होता.

यंत्र हातोहात खपलं. पुढच्याच वर्षी इंटेलनं कमी वीज खाणारा ॲटम प्रोसेसर काढला आणि एसर, डेल, एचपी, एमएसआय, सॅमसंग असे सगळेच अशा छोट्या, स्वस्त लॅपटॉपांच्या, म्हणजे नेटबुकांच्या, धंद्यात उतरले. एसरच्या पहिल्या 'ॲस्पायर वन'वर लिनपस लिनक्स मिळत होतं, डेलच्या 'मिनी ९'वर उबुंटू. हे पाहून मायक्रोसॉफ्टनं निवृत्तीला आलेल्या विंडोज एक्सपीला या स्वस्त यंत्रांपुरती जून २०१० पर्यंत मुदतवाढ दिली. अट अशी की रॅम १ जीबीपेक्षा जास्त नको. त्या काळच्या नेटबुकांत सर्रास १ जीबीच रॅम सापडते, त्यामागे ही अट आहे. ग्राहकांनाही ओळखीचं विंडोजच हवं होतं. एमएसआयच्या एका अधिकाऱ्यानं २००८ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की त्यांच्या 'विंड' नेटबुकचं लिनक्सवालं मॉडेल एक्सपीवाल्याच्या किमान चौपट प्रमाणात परत येतं. दुकानात खोकं उघडल्यावर 'स्टार्ट'चं बटण कुठे आहे, असं विचारणाऱ्या माणसाला लिनक्सवर रुळायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ विकणाऱ्यांनी दिला नाही, घेणाऱ्यांनीही दिला नाही.

मग टॅब्लेट आले, स्वस्त स्मार्टफोन आले. २०१३ मध्ये आसुसनं ई पीसी बनवणं थांबवलं. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती बंद झाली, १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ ची. नेटबुकं कपाटात गेली.

त्यातली कितीतरी यंत्रं आजही चालू स्थितीत आहेत. कीबोर्ड ठीक आहे, पडदा ठीक आहे, चार्जर जोडला की दिवा लागतो. कमतरता आली ती त्यांच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. वर्षागणिक प्रत्येक नव्या आवृत्तीनं जास्त रॅम आणि जास्त वेग गृहीत धरला, आणि गृहीतकात न बसणारं यंत्र 'जुनं' ठरलं. हलकं लिनक्स हे गृहीतक नाकारतं. म्हणून ते बसवून पाहणं महत्त्वाचं आहे. भंगारात जाणारी चांगली वस्तू वाचते, आणि जिच्या घरी एकही संगणक नाही अशा एखाद्या मुलीच्या हाती तो येऊ शकतो.

'हलकं' म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घ्यायला हवं. लिनुस टोरवाल्ड्‌सनं १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्सचा गाभा महागड्या सर्व्हरवर चालतो, तोच नेटबुकवरही चालतो. तो स्वतः भारी नाही. वजन वाढतं ते त्याच्यावर रचलेल्या थरांमुळे. ग्नोमसारखं भरजरी डेस्कटॉप वातावरण सुरू होताच एक जीबीच्या आसपास रॅम व्यापतं. नेटबुकची सगळी रॅम तिथेच संपली. त्याऐवजी आइसडब्ल्यूएम घेतलं तर चित्र पालटतं. १९९७ पासून लिहिला जाणारा हा छोटासा कार्यक्रम फक्त खिडक्या उघडतो, हलवतो, बंद करतो आणि खाली एक पट्टी दाखवतो. पारदर्शक सावल्या नाहीत, तरंगणारे मेन्यू नाहीत. पडद्यामागे सतत चालणाऱ्या सेवाही कमी ठेवल्या, म्हणजे फायलींची अनुक्रमणिका बनवणारी नको, मोठा सॉफ्टवेअर-बाजार उघडून बसणारी नको, की सगळी प्रणाली सुरू होऊनही दोनशे एमबीच्या आसपासच रॅम लागते. उरलेली आठशे एमबी कामाला मोकळी.

अशी जुळवाजुळव आधीच करून देणारी अनेक वितरणं आहेत. त्यात नेटबुकसाठी पहिलं नाव घ्यावं ते अँटिएक्सचं. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत राहणाऱ्या आणि 'अँटिकॅपिटलिस्टा' या टोपणनावानं वावरणाऱ्या विकासकानं ते २००७ मध्ये सुरू केलं. म्हणजे ई पीसी आणि अँटिएक्स एकाच वर्षातले. ते डेबियन या भरवशाच्या वितरणावर आधारलेलं आहे, त्यामुळे डेबियनच्या भांडारातली हजारो पॅकेजं त्यावर बसतात. किमान ५१२ एमबी रॅम असावी, असं ते बनवणारेच सांगतात. दुसरं नाव पपी लिनक्सचं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी काउलर यांनी २००३ मध्ये काढलेलं हे वितरण काही शे एमबींच्या आवळून ठेवलेल्या फायलींतून थेट रॅममध्ये चढतं आणि तुमचे बदल वेगळ्या फायलीत साठवतं. पहिल्या ई पीसीसारखी ४ जीबीचीच जागा असेल, तर पपीला तोड नाही; अँटिएक्सच्या पूर्ण आवृत्तीला सुमारे ७ जीबी लागतात. टायनी कोअर तर याहूनही छोटं, पंचवीस एमबीच्या आतबाहेर, पण त्यात जवळजवळ सगळंच हातानं बसवावं लागतं आणि नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. थोडं सधन नेटबुक असेल, म्हणजे दोन जीबी रॅम आणि ६४ बिटी प्रोसेसर, तर लुबुंटू वापरून पाहता येतं.

हा ६४ बिटी शब्द इथे निर्णायक आहे. २००८-०९ च्या असंख्य नेटबुकांत असलेला ॲटम एन २७० फक्त ३२ बिटी आहे. त्याच्यावर ६४ बिटी प्रणाली सुरूच होत नाही. २०१० च्या सुरुवातीला आलेला एन ४५० आणि त्यानंतरचे भाऊबंद दोन्ही चालवतात. आणि ३२ बिटांसाठी दारं एकेक करून बंद होत आहेत. गूगलनं ३२ बिटी लिनक्ससाठी क्रोम २०१६ मध्येच थांबवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, गाभाही नाही. फायरफॉक्सची १४४ वी आवृत्ती ही ३२ बिटी लिनक्ससाठीची शेवटची. दीर्घ मुदतीच्या १४० व्या आवृत्तीला सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी दुरुस्त्या देऊ, असं मोझिलानं सांगितलं आहे. डेबियन १२ ला मात्र जून २०२८ पर्यंत सुरक्षा आधार मिळणार आहे, आणि अँटिएक्स २३ ची ३२ बिटी आवृत्ती त्यावरच उभी आहे. म्हणून एन २७० वाल्यानं आज अँटिएक्स २३ घ्यावं. एन ४५० वाल्यानं, रॅम कमी असली तरी, ६४ बिटी आवृत्तीकडे जावं. ६४ बिटी कार्यक्रम थोडी जास्त रॅम खातात हे खरं, पण चालू ब्राउझर पुढेही मिळत राहणं त्याहून मोलाचं आहे.

बसवण्याआधी एक काम विसरू नये. जुन्या नेटबुकच्या डिस्कवर बऱ्याचदा कुणाच्या बारशाचे, लग्नाचे, गेलेल्या आजोबांचे फोटो पडून असतात आणि घरात कुणालाही ते आठवत नसतं. विंडोज सुरू होत नसलं तरी हरकत नाही. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून डिस्कला हात न लावता नेटबुक सुरू करता येतं आणि फायली दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घेता येतात. नवी प्रणाली त्यानंतरच.

पेनड्राइव्ह बनवणं सोपं आहे. अँटिएक्सची आयएसओ फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवायची, संकेतस्थळावर दिलेल्या सांकेतिक बेरजेशी ती जुळते का ते तपासायचं, कारण अर्धवट उतरलेल्या फायलीमुळे पुढे अगम्य चुका येतात. मग विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर यांपैकी एखाद्या साधनानं ती पेनड्राइव्हवर लिहायची. ४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो; त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. नेटबुक सुरू करताना ई पीसीवर एस्केप, एसरवर एफ १२ दाबलं की कशावरून सुरू करायचं ते विचारणारी यादी येते. एसरच्या काही मॉडेलांत एफ १२ ची सोय बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. आधी एफ २ दाबून ती चालू करावी लागते.

पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या प्रणालीत घाईघाईनं 'इन्स्टॉल'वर जाऊ नये. इथे सगळं तपासून घेता येतं. वायफाय दिसतं का, आवाज येतो का, झाकण मिटल्यावर यंत्र झोपतं आणि उघडल्यावर जागं होतं का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का. वायफायचं दुखणं जुनं आहे. ब्रॉडकॉमच्या चिप्सना स्वतःचं फर्मवेअर लागतं आणि ते मुक्त परवान्यात नसल्यानं डेबियन अनेक वर्षं ते सोबत देत नव्हतं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदललं, आणि तेव्हापासून नवख्यांची मोठी अडचण दूर झाली. ग्राफिक्सच्या बाबतीत एन २७० च्या सोबत असलेली जीएमए ९५० चिप लिनक्सवर विनातक्रार चालते. झेड मालिकेच्या ॲटमसोबतची जीएमए ५०० आणि एन २६०० सोबतची जीएमए ३६०० यांचा मूळ आराखडा पॉवरव्हीआरचा; त्यांना चांगले मुक्त ड्रायव्हर कधीच मिळाले नाहीत. जुनं नेटबुक विकत घ्यायचं असेल, तर ही नावं पाहूनच व्यवहार करावा.

प्रत्यक्ष बसवण्याला अर्धा-पाऊण तास लागतो. अँटिएक्स पेनड्राइव्हवरून चालताना पासवर्ड विचारतं, तो 'डेमो'. इन्स्टॉलर डिस्क कुठली, नाव काय, पासवर्ड काय एवढंच विचारतो. छळ होतो तो पडद्याचा. नेटबुकचा पडदा साधारणपणे १०२४ बाय ६०० ठिपक्यांचा असतो, पहिल्या ई पीसीचा तर ८०० बाय ४८०. अनेक खिडक्या त्याहून उंच असतात आणि 'पुढे' हे बटण पडद्याच्या तळाखाली दडून बसतं. अशा वेळी ऑल्ट कळ दाबून धरावी, खिडकीत कुठेही माउसचं डावं बटण दाबावं आणि खिडकी वर ओढावी. एवढी एक युक्ती माहीत नसल्यामुळे कितीतरी जणांनी अर्ध्यावर सोडून दिलं असेल.

बसवून झाल्यावर रॅमकडे वळायचं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. ओट्यावर मावेना की सामान माळ्यावर चढवावं लागतं, आणि दर वेळी शिडी लावून ते खाली काढायचं तर स्वयंपाक रखडतो. संगणकात हा माळा म्हणजे डिस्कवरची स्वॅपची जागा. लिनक्समध्ये झेडरॅम नावाची सोय आहे. ती न वापरली जाणारी माहिती डिस्कवर न पाठवता रॅममध्येच आवळून ठेवते. प्रोसेसरला थोडं जास्त काम पडतं, पण पंधरा वर्षं जुन्या डिस्कपेक्षा ते कितीतरी वेगानं होतं. शक्य असेल तर आणखी दोन गोष्टी कराव्यात. १ जीबीचा डीडीआर २ रॅमचा तुकडा काढून २ जीबीचा घालावा. एन २७० च्या यंत्रांची कमाल मर्यादा तेवढीच असते. आणि ज्यात अडीच इंची साटा डिस्क आहे त्यात साधी, छोटी एसएसडी बसवावी. या दोन बदलांनी जो फरक पडतो तो कुठल्याही सॉफ्टवेअरच्या हिकमतीनं पडत नाही.

एक गोष्ट मात्र हमखास गोंधळात टाकते. सगळं नीट बसलं, वायफाय जोडलं, ब्राउझर उघडला आणि प्रत्येक संकेतस्थळ 'असुरक्षित' म्हणून अडवलं जातंय. दोष लिनक्सचा नसतो, इंटरनेटचाही नसतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्राच्या मदरबोर्डवरची छोटी बटणासारखी बॅटरी संपलेली असते आणि घड्याळ मागे, कुठल्यातरी भलत्याच वर्षात गेलेलं असतं. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं ठरावीक तारखांमध्येच वैध असतात. घड्याळ २००९ दाखवत असेल तर आजचं प्रमाणपत्र ब्राउझरला भविष्यातलं वाटतं. तारीख दुरुस्त केली की काम भागतं. बॅटरी बदलली की ते कायमचं मिटतं.

ब्राउझर हीच या यंत्रांची खरी कसोटी आहे. प्रणाली कितीही हलकी केली तरी वेब हलकं होत नाही. आजच्या बातम्यांच्या किंवा खरेदीच्या एका पानाबरोबर कित्येक एमबींची स्क्रिप्ट उतरते, आणि ती चालवताना एकाच कोअरचा १.६ गिगाहर्ट्‌झचा ॲटम दमतो. यावर उपाय आहेत, चमत्कार नाही. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकलं की जाहिरातींच्या स्क्रिप्टचं ओझं उतरतं आणि पानं लक्षात येण्याइतकी लवकर उघडतात. एका वेळी दोन-तीनच टॅब ठेवावेत. फक्त वाचायचं असेल तर नेटसर्फ किंवा डिलोसारखे चिमुकले ब्राउझर क्षणात उघडतात, पण त्यांवर बँकेचं काम होणार नाही. यूट्यूब ब्राउझरमध्ये पाहू नये. एमपीव्ही आणि वायटी-डीएलपी ही जोडी वापरून तोच व्हिडिओ ३६० रेषांच्या प्रतीत पाहिला तर तो न अडखळता चालतो. व्हिडिओ कॉलचा, डझनभर टॅबचा, ऑनलाइन परीक्षेचा भार या यंत्रावर टाकू नये. ज्याला तेच हवं आहे त्याला नेटबुक देणं ही त्याची फसवणूक आहे.

लिहिण्याचं काम मात्र त्यावर फार छान होतं. मराठीत टाइप करायला कुठलंही जड साधन नको. लिनक्सच्या कीबोर्ड मांडणीतच देवनागरीची सोय आहे. इनस्क्रिप्टची सवय असलेल्यांना तीही आहे, आणि उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी कागपा नावाची मराठी मांडणी आहे. लिप्यंतर पद्धतच हवी असेल तर आयबस आणि एम१७एन ही पॅकेजं बसवावीत. अक्षरांसाठी लोहित किंवा नोटो देवनागरी टंक पुरेसे आहेत. लोहित टंक रेड हॅटनं मुक्त केले, आणि भारतीय भाषा लिनक्सवर नीट दिसाव्यात यासाठी त्या कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी कित्येक वर्षं खपून काम केलं. आज मराठी जोडाक्षरं सात इंची पडद्यावरही फुटत नाहीत, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. लिब्रे ऑफिस उघडायला थोडा वेळ घेतं पण नंतर चालतं. पत्र, निबंध, हिशेब एवढंच असेल तर ॲबीवर्ड आणि ग्न्यूमेरिक अधिक चपळ.

अशा यंत्रांचा शाळेशी संबंध महाराष्ट्राला नवा नाही. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत झाला. तिथल्या मुलांच्या हातात आलेला हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप ४३३ मेगाहर्ट्‌झचा होता, २५६ एमबी रॅमचा, आणि त्यावर फेडोरावर आधारलेलं लिनक्स चालत होतं. कपाटात धूळ खाणारं सामान्य नेटबुक वेगात आणि रॅममध्ये त्याच्यापेक्षा सशक्त आहे; उन्हात वाचता येणारा पडदा तेवढा त्याच्याकडे नाही. टक्स पेंटवर चित्रं काढता येतात, टक्स मॅथवर पाढे पक्के होतात. शिकवणाऱ्यांना आधी स्वतः शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे आणि लिब्रे ऑफिसवरचे धडे मराठीतही आहेत, आणि ते फुकट उतरवून घेता येतात.

इंटरनेट धड नसलेल्या गावात तर नेटबुकचा आणखी एक उपयोग होतो. किविक्स नावाच्या मुक्त प्रणालीसाठी अख्खा विकिपीडिया, मराठीसुद्धा, एकेका फायलीत बांधून ठेवलेला मिळतो. ती फाइल शहरात उतरवून नेटबुकवर टाकायची. किविक्सचाच सर्व्हर सुरू करून नेटबुक एका साध्या वायफाय राउटरला जोडलं, की वर्गातल्या कुठल्याही फोनवर किंवा टॅब्लेटवर, डेटाचा एक पैसा न जाता, तो विश्वकोश उघडतो. या कामात नेटबुकला पानं फक्त वाटायची असतात, दाखवायची नसतात. त्यामुळे एन २७० लाही ते जड जात नाही. यंत्र दहा-पंधरा वॉट वीज घेतं. बॅटरीत थोडा जीव उरला असेल, तर वीज गेल्यावरही सर्व्हर काही वेळ चालू राहतो. तेवढा राउटर इन्व्हर्टरवर किंवा पॉवर बँकेवर ठेवला की झालं.